हे कोण कोणाला सांगतंय?

मंडळी, मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी वाचून समजली की नाही हे तपासणारी प्रश्नपत्रिका कशी काढायची, हा आजचा विषय. गुणदानाचं बोलणं शेवटी. त्याआधी एका प्रश्नाबद्दलची तक्रार ऐका, कारण तो हमखास विचारला जातो: ‘प्राण फुंकण्यासाठी व्हिक्टर कोणती शक्ती वापरतो?’ व्हिक्टर म्हणजे मृत अवयवांतून एक जीव घडवणारा कादंबरीचा नायक. चार पर्याय, आणि उत्तरसूचीत ‘वीज’.

आता पुस्तक उघडा. १८१८च्या आवृत्तीत पहिल्या खंडाचं चौथं प्रकरण, १८३१च्या सुधारित आवृत्तीत पाचवं. नोव्हेंबरची रात्र, एक वाजलेला, तावदानांवर पाऊस, मेणबत्ती संपत आलेली. व्हिक्टर चेतनेच्या ठिणगीचा उल्लेख करतो, साधनं गोळा केल्याचं सांगतो. कुठली साधनं? त्यावर अक्षर नाही. आदल्याच प्रकरणात त्यानं वॉल्टनला, म्हणजे त्याची कहाणी ऐकणाऱ्या दर्यावर्दीला, बजावलंय की हे गुपित मी तुला सांगणार नाही. गडगडणारं आभाळ आणि यंत्रांच्या ठिणग्या १९३१च्या चित्रपटातल्या आहेत. म्हणजे चित्रपट पाहिलेला मुलगा झटकन ‘वीज’वर खूण करतो, आणि पुस्तक नीट वाचलेली मुलगी अडखळते. वाचल्याची शिक्षा तिला!

विजेचा धागा पुस्तकात मुळीच नाही असं मात्र नाही. पंधरा वर्षांचा व्हिक्टर विजेनं चिरफाळलेला ओक वृक्ष पाहतो. १८३१च्या प्रस्तावनेत मेरी शेली गॅल्व्हनिझमचं, म्हणजे विजेच्या धक्क्यानं स्नायू हलवण्याच्या प्रयोगांचं, नाव घेतात. म्हणून प्रश्न असा हवा: ‘व्हिक्टर कृती का लपवतो? तो हे कोणाला सांगतोय?’ चार गुण द्या. वॉल्टन स्वतः उत्तर ध्रुवाकडे निघालेला, तशाच महत्त्वाकांक्षेनं पेटलेला आहे. व्हिक्टर त्याला सावध करतोय. हे दोन्ही मुद्दे आले की पूर्ण गुण.

माझा सगळा आग्रह इथेच आहे. वॉल्टन बहिणीला, मार्गारेटला, लिहितोय. त्यात व्हिक्टर बोलतोय. त्याच्या बोलण्यात त्यानं घडवलेला तो निनावी जीव बोलतोय. आणि त्याच्या पोटात, त्या जीवानं लपून पाहिलेल्या डे लेसी कुटुंबाची कहाणी. शिवाय वॉल्टनची टिपणं व्हिक्टरनं स्वतः तपासून दुरुस्त केली, भर घातली. तो जीव इतकं डौलदार बोलतो, पण ते आपल्यापर्यंत दोन हातांतून आलंय. हे ज्याला कळलं नाही, त्याला कथानक कळलं, कादंबरी नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा भराभर सांगतो.

वीस गुणांची पत्रिका धरा. साधारण दीडशे शब्दांचा उतारा घ्या, शक्यतो त्या जीवाच्या निवेदनातला, आणि नावं गाळा. पहिला प्रश्न, चार गुणांचा: कोण, कोणाला, कुठे बोलतंय? दुसरा वर सांगितलेला, तोही चारचा. मग जस्टिन, व्हिक्टरच्या धाकट्या भावाच्या खुनाचा आळ आलेली घरातली मोलकरीण. तिच्या खिशात त्या मुलाजवळची तसबीर सापडते, पाद्र्याच्या धाकानं ती खोटा कबुलीजबाब देते. सहा गुणांना विचारा: खटल्याच्या वेळी वाचकाला नक्की काय माहीत असतं, आणि तसबीर कोणी ठेवली हे कोणाच्या तोंडून, केव्हा कळतं? शेवटचे सहा गुण ‘तुझ्या लग्नाच्या रात्री मी येईन’ या त्या जीवाच्या धमकीला. व्हिक्टरला वाटतं, मरण आपलं. पण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर त्यानं नुकतीच त्या जीवाची अर्धवट घडलेली जोडीदारीण फाडून टाकलीय, तीही त्याच्या डोळ्यांदेखत. त्याची वधू एलिझाबेथ हिच्यावर बेतणार हे वाचकाला दिसतं, व्हिक्टरला का दिसत नाही?

पत्रिका वर्गात नेण्याआधी फक्त चित्रपट पाहिलेल्या किंवा गाईड वाचलेल्या दोघांकडून सोडवून घ्या. त्यांना जमलेला प्रश्न काढून टाका.

आणि आवृत्तीचं साल पत्रिकेच्या माथ्यावर छापा. १८१८मध्ये एलिझाबेथ व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१मध्ये ती कोमो सरोवराजवळच्या शेतकरी कुटुंबात सापडलेली अनाथ मुलगी. प्रकरणांचे आकडेही जुळत नाहीत, एकीकडे तीन खंडांत तेवीस, दुसरीकडे सलग चोवीस. दोन मुलांकडे दोन आवृत्त्या असल्या तर दोघांची उत्तरं बरोबर असूनही एकाला शून्य मिळतं.

गुणदानाच्या तक्त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत, जाताना घ्या.