अज्ञात वाहन

नमस्कार श्रोतेहो.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात पिंपळाखाली वकिलांची टेबलं मांडलेली असतात. त्यातल्या एका टेबलाशी मी बरीच वर्षं बसतो. माझ्याकडे येणारी कामं बहुतेक मोटार अपघाताची. एकदा एप्रिलमध्ये एक बाई आल्या, बरोबर दहावीतला मुलगा. किराणा दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. नवरा दूध घालायचा. जानेवारीत पहाटे धुक्यात पुणे-नाशिक हायवेवर त्याच्या मोटारसायकलला मागून कुणीतरी ठोकलं आणि थांबलं नाही. चहाच्या टपरीवाल्याला दिसला तो एवढाच, पांढरा टेम्पो.

बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, केस मिटली म्हणतात. पोलिसांनी हा कागद दिलाय. आता काय राहिलंय?"

कागद बघितला, तर अ समरी. हा शब्द कोर्टाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो, आणि त्याच्यामुळे फार घोटाळा होतो. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळून येत नाही, असं पोलीस न्यायालयाला कळवतात, ती अ समरी. ब समरी म्हणजे खोटी फिर्याद. बाईंना वाटत होतं, सरकारनं हात झटकले. खरं तर नवऱ्याला अज्ञात वाहनानं मारलं, हे तोच कागद लेखी कबूल करत होता.

मोटार वाहन कायद्याचं कलम १६१ अशाच लोकांसाठी आहे. ठोकणारं वाहन सापडलं नाही, तर मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ पासून हे आकडे लागू आहेत, त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. गंभीर म्हणजे अंथरुणाला खिळलेलाच पाहिजे असं नाही, कायद्याच्या व्याख्येत हाड मोडणं येतं, दात पडणंही येतं. अर्ज प्रांताकडे किंवा तहसीलदाराकडे करायचा. त्यांनी महिन्याभरात चौकशी करून अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, तिथून १५ दिवसांत मंजुरी, आणि पुढच्या १५ दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून, म्हणजे विमा कंपन्यांच्या संस्थेकडून, पैसे थेट बँकेत. वकील लागत नाही. माझ्या पोटावर पाय येतो, पण खरं ते सांगितलं पाहिजे.

दोन लाखांत माणसाची किंमत होते का? नाही होत. पण २०२२ साली देशात असे सुमारे ६७ हजार अपघात झाले आणि ३० हजारांवर माणसं गेली. २०२२-२३ मध्ये या योजनेखाली किती अर्ज आले असतील? अवघे २०५. हा आकडा सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा १२ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयानं आदेश दिला, की महिन्याभरात वाहन सापडलं नाही तर पोलिसांनीच जखमीला किंवा वारसांना या योजनेबद्दल लेखी कळवायचं.

तो जानेवारी तुम्हाला आठवत असेल, वेगळ्या कारणानं. ठोकून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं नवं कलम येणार म्हणून ट्रकवाल्यांनी संप केला होता. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, टाकी फुल करायला लोक रात्रीच बाहेर पडले. सरकारनं ते कलम लागू करणं थांबवलं. त्या दहा वर्षांवर चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळे बोलले. दोन लाखांचा आदेश त्याच महिन्यातला, त्यावर मला आमच्या बाररूममध्येसुद्धा कुणी बोलताना दिसलं नाही.

आता जी गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा बघितली आहे, ती सांगतो. जखमीला उचलून दवाखान्यात नेतात. अपघात विभागात डॉक्टर विचारतात, "काय झालं?" आणि सोबत आलेला माणूस, चुलता असेल, मित्र असेल, घाईनं सांगतो, "गाडी स्लिप झाली, पडला." कशाला पोलिसांचं लचांड, आधी उपचार तर सुरू होऊ देत, एवढाच त्याचा विचार. डॉक्टर तेच लिहितात. पुढे आठ दिवसांनी जखमी शुद्धीवर येऊन सांगतो, मला मागून धडक बसली. पण पहिल्या कागदावर 'स्लिप' लिहिलेलं असतं. तहसीलदार असो, अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण असो, विमा कंपनीचा वकील असो, प्रत्येक जण तो पहिला कागदच उघडतो. सहा महिने मी त्या एका शब्दाशी भांडत बसतो. म्हणून दवाखान्यात विचारलं की सरळ सांगा, अज्ञात वाहनानं धडक दिली, आणि एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, म्हणून नोंद करा म्हणा.

आणि कुणा वाटसरूनं जखमीला आणलं असेल तर त्याला अडकवून ठेवता येत नाही, नाव सांगायचीही सक्ती नाही. कलम १३४-अ त्याच्यासाठीच आहे. उपचाराच्या पैशाचं म्हणाल, तर मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी नेमलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्राची योजना आहे. वाहन अज्ञात असलं तरी ती लागू होते. विचारा, हक्कानं विचारा.

फिर्याद त्याच दिवशी द्या. हद्द आमची नाही असं सांगून परत पाठवलं, तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवा म्हणावं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मग जागेचा पंचनामा. त्या वेळी घरातलं कुणीतरी तिथं उभं राहावं. फुटलेल्या दिव्याची काच, मडगार्डचा तुकडा, तुमच्या गाडीला लागलेला परका रंग, हे सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. प्लास्टिकच्या तुकड्यावर कधी पार्ट नंबर असतो, त्यावरून गाडीचं मॉडेल कळतं. पेट्रोल पंपाचं, ढाब्याचं सीसीटीव्ही फुटेज थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तेराव्यानंतर बघू म्हणून चालत नाही. ज्या घरातून माणूस गेलाय त्या घराला हे सांगताना जीभ अडखळते. पण भावकीत एखादा धीराचा पोरगा असतो, हे काम त्याच्याकडे द्यावं.

या बाईंकडे आणखी एक जण येऊन गेला होता. असा माणूस बहुतेक तालुक्यांत असतो. म्हणाला, "टेम्पो कशाला शोधता, मी विमा असलेली गाडी दाखवतो. मालक तयार आहे, निम्मे तुमचे, निम्मे आमचे." भावानं जवळजवळ होकार दिला होता. अशी दाखवलेली गाडी विमा कंपनीच्या तपासात उघडी पडली, की फसवणुकीचा गुन्हा बाईंवरच. बाईंनी त्याला चहासुद्धा दिला नाही. मला फार बरं वाटलं.

मग आम्ही ती पिशवी टेबलावर उपडी केली. मोटारसायकलच्या विम्याची मुदत दिवाळीतच संपलेली. ती असती, त्यात मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असता आणि लायसन्स चालू असतं, तर १५ लाख मिळाले असते, आणि त्यासाठी टेम्पो सापडण्याचीही गरज नव्हती. तुमच्या डिकीतली पॉलिसी आज काढून बघा, या वैयक्तिक अपघात विम्याचा हप्ता भरलाय का. बरेच जण चारशे रुपये वाचवायला तो गाळतात. पासबुक मात्र कामाला आलं. जूनच्या पानावर २० रुपये कापलेले. ते कशाचे, हे नवऱ्यानं घरात कधी सांगितलं नव्हतं. बँकेत गेल्यावर कळलं, पंतप्रधान सुरक्षा विमा. त्याचे दोन लाख वेगळे.

तहसीलमधल्या अर्जाला दोन महिने नाही, पाच महिने लागले. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, त्यात दोन खेपा गेल्या. गणपतीच्या आसपास पैसे जमा झाले.

पुढेमागे टेम्पो सापडला, तर मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा करता येतो, त्यातून हे दोन लाख वजा होतात. हे मी बाईंना सांगितलं, तर त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. पंचनाम्यात काचेचे जे तुकडे आहेत ते डाव्या दिव्याचे का उजव्या, एवढंच विचारलं. डाव्या, म्हटलं. आता हायवेला भाजी घ्यायला गेल्या आणि पांढरा टेम्पो उभा दिसला, की आधी पुढे जाऊन त्याचा डावा दिवा बघतात, असं परवा त्यांचा मुलगा सांगत होता.

नमस्कार.