नानांचा मोर, काचेतला

हा कागद जरा जवळून बघा. ग्राफपेपर आहे, पिवळा पडलाय, आणि बारीक चौकोनांत लाल शाई भरत भरत अख्खा मोर काढलाय. ताईंच्या नानांनी, सोलापुरी चादरीसाठी. भरलेला चौकोन म्हणजे उभा धागा उचलायचा, रिकामा म्हणजे खालीच ठेवायचा, एवढंच. त्यावरनं पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ती माळ मागावरच्या, धागे उचलणाऱ्या जॅकार्ड यंत्राला चढवायची. फ्रान्समधल्या जॅकार्डनं हे यंत्र 1804 च्या सुमारास आणलं आणि पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी पंचकार्डांची आयडिया इथूनच घेतली. म्हणजे ज्याला आपण कॉम्प्युटरचं शून्य-एक म्हणतो ते आपल्या पेठांमधली माणसं कॉलेजात न जाता रोज कागदावर मांडत होती, आणि त्याला विज्ञान म्हणावं असं कुणाला वाटलंच नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

आता ताईंचे हात बघा, तोच मोर त्या काचेत उतरवतायत. काचेवर हिरकणी, म्हणजे काच कापायचं हत्यार, फिरली, कर्र झालं, दोन बोटांनी दाबलं की टक्. पाच मिलिमीटरची पट्टी सुटली, मग तिचे चौकोन. भरलेल्या घरात वर मरून काच आणि खाली पांढरी, रिकाम्या घरात बरोबर उलटं. सगळं चिमट्यानं, आणि एक घर चुकलं की पुढची ओळच सरकते.

थर दोनच, 3-3 मिलिमीटरचे. पूर्ण वितळलेली काच पृष्ठताणामुळे साधारण 6 मिलिमीटर जाडी धरते, त्याहून पातळ असेल तर आत आकसते आणि जाड असेल तर पसरते, मग मोर मोरासारखा राहत नाही. भट्टी इलेक्ट्रिक आहे, सुमारे 800 अंशाला चौकोन एकजीव होतात. खरं काम त्यानंतर, गार करताना. बाहेरची काच आधी आवळली आणि आतली मागे राहिली तर ताण अडकून बसतो, म्हणून 500 च्या आसपास थांबायचं आणि मग सावकाश उतरवायचं, घाई चालतच नाही.

आणि ही चोचीपाशी गेलेली चीर दिसतीये? हा पहिला मोर. मरून काच दुसरीकडनं आणलेली, तिचं तापल्यावरचं प्रसरण पांढरीशी जुळलं नाही. तेव्हापासून नवा रंग आला की ताई त्याचा तुकडा आधी पारदर्शक काचेवर वितळवतात आणि दोन पोलराइज्ड फिल्मांमध्ये धरतात. बघा, तुकड्याभोवती उजेडाची कड आली. म्हणजे आत ताण आहे, हा रंग बाद.

सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे, तरी नानांचा माग भंगारात गेला.

हा दुसरा मोर. नानांनी हातात घेतल्या घेतल्या आधी उलटा करून बघितला, चादर बघतात तसा. मागच्या बाजूला पांढरा मोर, मरून जमिनीवर. आता नखानं घरं मोजतायत.