वापीची गोष्ट, नेलचा चित्रपट

पडद्यावर दिसतोय तो बर्फ खरा आहे. कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतातला लेसर स्लेव्ह लेक गोठलाय आणि त्याच्या परिसरात कॅमेरे लागलेत. साल १९१९. चित्रपट ‘बॅक टू गॉड्स कंट्री’. आणि ही नेल शिपमन, त्याची नायिका.

जेम्स ऑलिव्हर कर्वुड यांच्या मूळ कथेत खरा नायक होता कुत्रा. माणसांचा मार खाऊन खाऊन खुनशी झालेला वापी. पटकथेला नेलचा हात लागला आणि गोष्ट डोलोरेसची झाली: रानात बापाजवळ वाढलेली, अस्वलांशी दोस्ती असलेली मुलगी. कर्वुडना हे रुचलं नाही. दिग्दर्शक म्हणून नाव डेव्हिड हार्टफर्ड यांचं आहे खरं, पण बघताना चित्रपट नेलचाच वाटतो.

डोलोरेस नवऱ्याबरोबर उत्तरेकडच्या जहाजावर चढते. कप्तान कोण, तर तिच्या बापाचा जीव घेणारा रायडल! जहाज बर्फात अडकतं, नवरा जायबंदी होतो. मग ती त्याला कुत्र्यांच्या गाडीवर निजवते आणि निघते. मागावर रायडल. एरवी पुष्कळ मूकपटांत बाईनं किंचाळायचं आणि पुरुषानं धावत यायचं. इथं पुरुष आडवा पडलाय, आणि धावून येतो तो वापी.

थंडीनं मात्र खरीखुरी किंमत वसूल केली. नायकाच्या भूमिकेसाठी आलेला ऑस्ट्रेलियन नट रोनाल्ड बायरम न्यूमोनियानं दगावला. त्याच्या जागी व्हीलर ओकमन आला. निर्मितीची व्यवस्था बघणाऱ्या बर्ट व्हॅन टाइलच्या पायाला हिमदंश झाला.

जाहिरातवाल्यांनी मिरवली ती मात्र नेलची विवस्त्र आंघोळ. प्रेक्षक त्यासाठीही आले असतील, का येऊ नयेत? पण जहाजावर आणलेल्या इनुइट, म्हणजे उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या मूळ रहिवासी बायकांचं चित्रण आज डोळ्यांत खुपतं. ज्या नेलनं कुत्र्याचा राग समजून घेतला, तिच्या चित्रपटाला या बायका समजल्याच नाहीत.

चित्रपट तुफान चालला. तो काढणाऱ्या कंपनीत पैसे घातलेल्या, आल्बर्टातल्याच कॅल्गरी शहरातल्या गुंतवणूकदारांना भरघोस परतावा मिळाला. तरी त्या कंपनीचा हा एकच चित्रपट. निर्माता अर्नेस्ट शिपमन नेलचा नवरा होता. पुढे दोघं वेगळे झाले. नेल आयडाहोतल्या प्रीस्ट लेकच्या काठी स्वतःचे प्राणी घेऊन राहिली, तिथंच चित्रपट काढू लागली. कर्ज वाढत गेलं, आणि शेवटी तिचे प्राणी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात गेले.