शरदातली मलप्रभा आणि एक उतारा

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मलप्रभा पूर्वेलाच का?’ तिथं येणारच आहे. पण वाटेत नदीकाठचं असोगा गाव लागतं, त्याला माझा इलाज नाही.

माझं म्हणणं जुनंच आहे, तुमच्यातल्या निम्म्यांनी ऐकलेलं. आषाढात आपण गोकाकच्या धबधब्याला गर्दी करतो, कणीस खातो, फोटो काढतो. ते लाल पाणी वरून पडलं की खाली पळालं, त्यात नदीचं स्वतःचं असं काय? नदी बघावी दसरा-दिवाळीच्या मधे. तळाचे दगड दिसतात, काठाला पांढरे तुरे डोलतात, भात लोंबीला आलेलं असतं. ऊन मात्र भाजतं. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणणाऱ्यानं ऑक्टोबरात भर दुपारी खानापुरात चालून दाखवावं.

तर गेल्या साली मी खानापूरहून असोग्याला नदीच्या काठाकाठानं निघालो. रस्त्यानं तासाभराचं काम. मला चार तास लागले, कारण हातात वही. पहिल्याच मळ्यातून हाक आली, ‘मोजणीला आलाय काय वो?’ म्हटलं, नाही, फिरायला आलोय. गडी माझ्या तोंडाकडं बघत राहिला. ‘गाडी बिघडली काय मग?’ म्हटलं, पक्षी बघतो, त्यांची नावं लिहितो. ‘म्हणजे पाखरांचीबी मोजणी लागली!’ (हशा)

पुढच्या बांधावर बातमी माझ्या आधी पोचलेली. एक आजी उभ्या होत्या, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला जमिनीचा उतारा घेऊन. ‘साहेब, माझं नाव लागलंय का तेवढं बघा.’ मी साहेब नाही, हे तीनदा सांगितलं. ‘नसू दे, वाचता तर येतंय न्हवं?’ उतारा कन्नडमधे. आणि माझं कन्नड बाजारापुरतं. त्यात भाजी मिळते, बस मिळते, जमीन मिळत नाही. आजींना तर अक्षरओळखच नव्हती. म्हणजे उतारा मराठीत असता तरी त्यांनी मलाच धरलं असतं. हे आपल्या सभांमधे कुणी बोलत नाही. असो, ते आजच्या विषयात नाही. करंजाखाली बसून मी घामाघूम होत एकेक अक्षर लावतोय, तर त्यांची सातवीतली नात मागून म्हणाली, ‘आजोबा, सकाळीच वाचून दाखवलाय मी. तिला साहेबाच्या तोंडून ऐकायचंय.’

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं.

मलप्रभा उगवते कणकुंबीला, माउलीच्या देवळाजवळ. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी ही त्याच्याकडं पाठ फिरवून सुमारे 300 किलोमीटर चालते, कूडलसंगमला कृष्णेत शिरते आणि तिच्यासोबत बंगालच्या उपसागराला जाते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला उतरते, गोव्यात मांडवी होते. कारण सह्याद्री पश्चिमेकडं कड्यासारखा तुटलाय, पूर्वेकडं हळूहळू उतरतो. थेंब माथ्याच्या कुठल्या अंगाला पडला, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो.

आता तो माथा माणसाला ओलांडायचाय. कळसा-भांडुरा योजना म्हणजे म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत आणणं. 2018 साली पाणीवाटपाच्या लवादानं त्यासाठी कर्नाटकाला 3.90 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी दिलं, गोव्याशी भांडण मिटलेलं नाही. आपल्याकडं वहीवाला माणूस दिसला की लोक मोजणीचं का विचारतात, ते आता कळलं असेल.

आणि शरदाचं राहिलंच. पाऊस थांबल्यावर वाहतं ते रानानं, मातीनं धरून ठेवलेलं पाणी. झिरपून येतं म्हणून नितळ. रान किती धरतंय, हे आषाढात कळत नाही, आश्विनात नदीत उतरून पायानं कळतं. मी असोग्याला रामलिंगेश्वराच्या घाटावर उतरलो तेव्हा...

घंटा झाली. थांबतो. उताऱ्यावर आजींचं नाव होतं का, ते चहाच्या वेळी विचारा. ती गोष्ट पाच मिनिटांत होणारी नाही.