आखणी राजाची नव्हे, ओलीतवाल्याची

(वरुड तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘उद्यानांचा इतिहास : प्राचीन काळापासून आजपर्यंत’ आणि वेळ दिलाय पाऊण तास. समोर अर्धेअधिक संत्र्याचे बगीचेवाले बसलेत, म्हणजे झाडांबद्दल मी तोंड उघडायची सोय नाही. म्हणून पाण्याबद्दल बोलतो. माझं म्हणणं एवढंच, की बागेचा नकाशा पाणी कुठून येतं नि कुठं उतरतं यावर ठरतो. राजांनी खर्च केला. आखणी ओलीत करणाऱ्यानं केली.

इजिप्तमध्ये नेबामून नावाचा एक कारकून होता, देवळाच्या धान्याचा हिशेब ठेवणारा. त्याच्या थडग्यातलं इसवी सनपूर्व 1350 च्या सुमाराचं चित्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मधोमध चौकोनी तळं, त्यात मासे, बदकं, कमळं. काठानं खजूर नि उंबराच्या जातीची झाडं. मेल्यावरही त्याला तळ्याकाठची सावली हवी होती. (आपल्याकडच्या धान्याचे हिशेब ठेवणाऱ्यांना काय हवं असतं, ते राहू द्या.) पुढं इसवी सनपूर्व सहाव्या शतकात इराणात सायरस राजानं पासारगाद इथं बाग केली. तिच्यातलं उरलंय काय, तर दगडी पाट. झाडं गेली, राजा गेला, दांड राहिले.

आता बाबर. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. 1526 मध्ये पानिपत जिंकून हा माणूस आग्र्याला आला आणि उन्हाळ्यानं हैराण झाला. ऊन, वारा, धूळ, आणि मुख्य तक्रार म्हणजे वाहतं पाणी नाही. बाबुरनाम्यात, म्हणजे स्वतःच्या आठवणींत, त्यानं आपल्याकडच्या मोटेचंही वर्णन केलंय. विहिरीच्या काठावर लाकूड, त्यावर चाक, बादलीला दोर, दोर बैलाला. एक जण बैल हाकतो, दुसरा बादली ओततो. बैल परत फिरला की दोर शेणामुतातून घासत येतो नि पुन्हा विहिरीत पडतो. फार कष्टाचं आणि घाणेरडं काम, म्हणतो.

हे मी एका गावात सांगितलं तर पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. “त्याले सोंडेची मोट कोनं दाखवली नसन!” म्हणाले. खरं आहे. आपल्या मोटेला चामड्याची सोंड असायची, ती वर आली की आपोआप रिकामी व्हायची. ओतायला दुसरा गडी लागत नसे. आजोबांना बाबराचा राग शेवटपर्यंत गेला नाही.

पण या बाबरानं यमुनेपलीकडं बाग करायची ठरवली तेव्हा काय केलं? आधी मोठी विहीर खोदली. मग हौद. गुलाब नि नरगिस नंतर. पुढच्या मुघल बागांत वाटा उंच नि वाफे खोल दिसतात, ते याचसाठी. पाट फोडला की पाणी आपसूक वाफ्यात उतरतं.

आणि आपण काय करतो? एका गावी, नाव घेत नाही, त्यांच्यातले दोघे इथं बसलेत, सरकारी पैशातून बगीचा झाला. लॉन, कारंजं, आणि पेंग्विन. पेंग्विनच्या पोटात कचरा टाकायचा. बाहेर 45 अंश! दोन मोठे कडुलिंब तोडले, का, तर लॉनवर पाला पडतो. उद्घाटनाला टँकर आणून कारंजं उडवलं, फोटो झाले. होळीपर्यंत लॉनचं गवत गंजी लावण्याजोगं झालं. मी चौकीदाराला विचारलं, कारंजं कधी सुरू असतं? तो म्हणाला, “सर, फवारा पाह्याचा असन तं मंत्री आना.”

अध्यक्षांची चिठ्ठी आली : दहा मिनिटं. मी अजून सोळाव्या शतकातच आहे! चीन, जपान, इंग्लंड सगळं सोडतो.

फ्रान्सचा चौदावा लुई तेवढा सांगतो. व्हर्सायला ल नोत्रनं आखलेली बाग, कारंजी इतकी की पाणी पुरेना. 1684 मध्ये सीन नदीवर 14 चाकांचं यंत्र बसवून पाणी टेकडीवर चढवलं, तरी पुरेना. मग राजा फिरायला निघाला की नोकर शिट्टी मारायचे. पुढचं कारंजं सोडायचं, मागचं बंद. चौकीदार बरोबरच बोलला होता.

उलट आपल्या शेजारचं बुऱ्हाणपूर. 1615 च्या सुमारास तिथं सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, ओळीनं खोदलेल्या कुंड्यांतून, नुसत्या उतारानं शहरात आणलं. मोटर नाही, रात्रीच्या लाईनची वाट पाहणं नाही.

आता जे सांगायला आलो ते घाईत. आपल्या शाळेमागच्या जागेत बाग करायची तर आधी पावसात तिथं उभं राहून पाणी कुठून येतं ते पाहा. टाकी भरल्यावर वाहून जाणारं पाणी तिकडं वळवा. लॉन नको, कडुलिंब, चिंच, बकुळ लावा. बोअर मारायचा विचार नको, आपल्याकडचे बोअर किती फुटांवर गेलेत ते तुम्हीच मला सांगता. फक्त मुघली खोल वाफा इथं जशाच्या तसा चालणार नाही. काळ्या जमिनीत पाणी साचलं की काय होतं ते डिंक्या रोगानं संत्र्याची झाडं गेलेल्यांना विचारा. खालच्या टोकाला चर हवाच. त्याचा नकाशा काढून आणलाय, कागद मागं फिरवा. चर कोणाच्या धुऱ्यावर येत असेल तर चहाच्या वेळी भांडू.