न मोजलेली माणसे : तुर्कस्तानातील एका विचारसंस्थेचे काम

तुर्कस्तानच्या संसदेने नेमलेल्या एका समितीने १९९८ साली एक आकडा जाहीर केला. कुर्द बंडखोर आणि सैन्य यांच्यातील संघर्षामुळे देशाच्या पूर्व आणि आग्नेय भागातील ९०५ गावे आणि २,५२३ वाड्यावस्त्या ओस पडल्या असून ३,७८,३३५ माणसांना घर सोडावे लागले आहे, असे समितीचे म्हणणे होते. शेवटच्या माणसापर्यंत नेमका दिलेला आकडा पाहिला की तो खराच असणार, असे आपल्याला वाटते. पुढे २००६ च्या डिसेंबरात अंकाऱ्याच्या हाजेत्तेपे विद्यापीठाने सरकारच्याच सांगण्यावरून केलेल्या पाहणीचा निष्कर्ष बाहेर आला, तेव्हा हीच संख्या ९,५३,६८० ते १२,०१,२०० यांच्या दरम्यान असल्याचे दिसले. म्हणजे कमीत कमी धरले तरी पावणेसहा लाख माणसे सरकारी हिशेबातून गळली होती. मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या काही संघटनांचे अंदाज तर याहूनही कितीतरी मोठे होते.

आज मी ज्या संस्थेविषयी बोलणार आहे, तिचे काम या दोन आकड्यांमधल्या दरीत उभे राहिले, असे मला वाटते. तिचे पूर्ण नाव ‘तुर्कस्तान आर्थिक व सामाजिक अभ्यास प्रतिष्ठान’. तुर्की आद्याक्षरांवरून तिला ‘तेसेव्ह’ म्हणतात. थिंक टँकला, म्हणजे सार्वजनिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला, तुर्की भाषेत ‘दुशुंजे कुरुलुशु’, म्हणजे शब्दशः विचारसंस्था असे म्हणतात. पण केवळ विचार मांडणारे लोक इस्तंबूलमध्ये कधीच कमी नव्हते. उणीव होती ती सरकारपासून वेगळे राहून मोजणाऱ्यांची.

तेसेव्हची स्थापना १९९४ ची असली, तरी तिचे मूळ १९६१ मध्ये आहे. मे १९६० मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली, त्याच वर्षी राज्य नियोजन संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी नवी राज्यघटना आली. देशाचा कारभार योजनाबद्ध चालवायचा असे ठरले होते, पण योजना आखणारे आणि तिचे मूल्यमापन करणारे दोघेही सरकारी नोकर होते. अशा वेळी नेजात एज्झाजिबाशी या औषध उद्योजकाने ‘आर्थिक व सामाजिक अभ्यास परिषद मंडळ’ नावाचे एक व्यासपीठ उभे केले, ज्यावर प्राध्यापक, उद्योजक आणि अधिकारी एकत्र बसून चर्चा करू शकतील. या गृहस्थांचे आडनाव मोठे बोलके आहे. ‘एज्झाजिबाशी’ म्हणजे मुख्य औषधनिर्माता. त्यांचे वडील इझमीरमधील नामांकित औषधविक्रेते होते. मुलाने औषधांचा कारखाना काढला, १९७३ मध्ये इस्तंबूलच्या संगीत-कला महोत्सवांमागची संस्था उभी केली आणि त्याच सहजतेने धोरणचर्चेचे हे मंडळही चालवले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्या मंडळाचे रूपांतर प्रतिष्ठानात झाले.

‘प्रतिष्ठान’ या रूपाविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मूळ तुर्की शब्द आहे ‘वाकिफ’, म्हणजे आपल्याला परिचित असलेला ‘वक्फ’. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच मशीद, दर्गा, कब्रस्तान आणि त्यांच्या जमिनींचे वाद डोळ्यांसमोर येतात. ऑटोमन काळात तुर्कस्तानातही त्याचा अर्थ साधारण तोच होता, फक्त व्याप मोठा होता. पाणपोया, रुग्णालये, पूल आणि अन्नछत्रे वक्फांवर चालत. प्रजासत्ताकाने १९२४ मध्ये वक्फांचे मंत्रालय बंद केले आणि १९२६ च्या नागरी संहितेतून हा शब्दच काढून त्या जागी ‘तेसिस’ हा शब्द आणला. मात्र १९६७ च्या कायद्याने ‘वाकिफ’ हा शब्द परत आला, आणि तो आला उद्योगपतींच्या हातांत, शिक्षण, संस्कृती आणि संशोधन यांसाठी. १९८० च्या लष्करी उठावानंतर साध्या संघटनांवर कडक कायदा आला आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम कितीतरी वर्षे पोलीस खात्याकडे होते. प्रतिष्ठानाची नोंद न्यायालयात होते आणि त्यासाठी मूळ ठेव दाखवावी लागते, त्यामुळे त्याला थोडी अधिक प्रतिष्ठा आणि थोडे अधिक संरक्षण मिळे. जी संस्था पुढे लष्कराच्या अंदाजपत्रकाविषयी लिहिणार होती, तिला या संरक्षणाची गरज होती.

आता त्या ओस पडलेल्या गावांकडे वळू. १९८४ पासून कुर्दिस्तान कामगार पक्ष ही कुर्द बंडखोर संघटना आणि तुर्की सैन्य यांच्यात सशस्त्र संघर्ष सुरू झाला, १९८७ मध्ये आग्नेय प्रांतांत आणीबाणी लागली आणि ती २००२ पर्यंत टिकली. गावोगावी सरकारी पगारावर ‘ग्रामरक्षक’ नेमले जात. जे गाव हत्यार घ्यायला तयार होत नसे, त्याच्याकडे संशयाने पाहिले जाई. जे तयार होई, ते बंडखोरांचे लक्ष्य ठरे. अनेक गावे सैन्याने रिकामी केली, काही जाळली गेली, काही भीतीने आपोआप रिती झाली. ही माणसे दियारबाकर, मेर्सिन, इस्तंबूल यांच्या कडेच्या वस्त्यांत जाऊन राहिली. देशाची सीमा न ओलांडल्यामुळे ती निर्वासित ठरली नाहीत आणि राज्याच्या दप्तरात ‘विस्थापित’ अशी नोंदही त्यांच्या वाट्याला आली नाही.

तेसेव्हने या प्रश्नासाठी जो गट जमवला, त्याची रचना मला फार महत्त्वाची वाटते. त्यात कायदेतज्ज्ञ दिलेक कुर्बान होत्या, समाजशास्त्रज्ञ देनिझ युकसेकेर होत्या, राज्यशास्त्राच्या आयशे बेतुल चेलिक होत्या, लोकसंख्याशास्त्रज्ञ तुर्गाय उनालान होते आणि मानसोपचारतज्ज्ञ तामेर आकेरही होते. घर गमावलेल्या माणसाचा प्रश्न एकाच वेळी मालमत्तेचा, मोजणीचा, नागरिकत्वाचा आणि झोप उडाल्याचा असतो, ही जाण त्या निवडीतच दिसते. त्यांचा अहवाल २००६ मध्ये आला. त्याच सुमारास सरकारने २००४ मध्ये केलेला नुकसानभरपाईचा कायदा, क्रमांक ५२३३, अमलात येत होता. हा कायदा होताच कशासाठी, हे समजून घेण्यासाठी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाकडे पाहावे लागते. तिथे अशा विस्थापितांचे सुमारे दीड हजार अर्ज पडून होते, आणि देशातच दाद मागण्याची सोय झाली तर न्यायालय ते अर्ज परत पाठवू शकत होते. जानेवारी २००६ मध्ये एका अर्जावर निर्णय देताना न्यायालयाने तसेच केले. आधी देशातील आयोगाकडे जा, असे सांगितले.

तेव्हा प्रश्न असा उरला की देशातले हे आयोग कसे आहेत. प्रत्येक प्रांतात उपराज्यपालाच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग. त्यांतले सहा सरकारी अधिकारी आणि एक वकील. ज्या राज्यावर गाव रिकामे केल्याचा आरोप आहे, त्याच राज्याच्या नोकरांपुढे गावकऱ्याने पुरावा द्यायचा. भरपाई जनावरांची, झाडांची, घराची मिळे, मनःस्तापाची नाही. तेसेव्हच्या अभ्यासकांनी नेमक्या या जागांवर बोट ठेवले. हाजेत्तेपेच्या पाहणीचे श्रेय त्यांना देता येणार नाही, कारण ती संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने केलेल्या शिफारशींतून पुढे आली होती. मोठ्या पाहणीने माणसे किती, हे सांगितले. तेसेव्हने त्या माणसांच्या हातात प्रत्यक्षात काय पडते, हे तपासले. माझ्या मते विचारसंस्थेचे मोल या दुसऱ्या, कमी झळकणाऱ्या कामात असते.

२००६ मध्येच तेसेव्हचे आणखी एक प्रकाशन आले, ज्याने बराच धुरळा उडाला. उमित जिझ्रे यांनी संपादित केलेला ‘सुरक्षा क्षेत्र आणि लोकशाही देखरेख’ या विषयावरचा, २००५ या वर्षाचा वार्षिक आढावा तेसेव्हने जिनिव्हाच्या एका संस्थेबरोबर प्रसिद्ध केला. सैन्य, जान्दार्मा म्हणजे ग्रामीण सशस्त्र पोलीस, गुप्तचर यंत्रणा, पोलीस यांचे कायदे काय, पैसा कुठून, संसदेचा हात कुठपर्यंत पोचतो, अशा प्रकारची माहिती त्यात होती. गुपित फोडावे असे त्यात फारसे काही नव्हते. पण नवे सरसेनापती याशार ब्युयुकानीत यांनी २००६ च्या शरद ऋतूत युद्ध अकादमीतील भाषणात या संस्थेवर जाहीर टीका केली. एका पुस्तकावर देशाच्या सरसेनापतीला बोलावेसे वाटले, यातच त्या काळचे सत्तेचे गणित उघड होते.

अली चार्कोलू आणि बिन्नाज तोप्राक यांनी तेसेव्हसाठी धर्म, समाज आणि राजकारण या विषयावर १९९९ मध्ये पाहणी केली आणि २००६ मध्ये ती पुन्हा केली. शरीयतवर आधारलेले राज्य हवे, असे म्हणणारे पहिल्या वेळी सुमारे २१ टक्के होते, दुसऱ्या वेळी ९ टक्क्यांच्या आसपास. डोके न झाकणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २७ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांच्या वर गेले होते. आणि तरी निम्म्याहून बरेच अधिक लोक म्हणत होते की डोके झाकणाऱ्या स्त्रिया वाढल्या आहेत. रस्त्यावर, विद्यापीठाच्या फाटकाशी, वर्तमानपत्राच्या छायाचित्रात त्या आता अधिक दिसत होत्या, आणि जे अधिक दिसते ते अधिक झाले असे वाटणे मानवी आहे. हा अहवाल आल्यावर पाचेक महिन्यांत, २७ एप्रिल २००७ च्या रात्री, सैन्याने संकेतस्थळावर निवेदन टाकून धर्मनिरपेक्षतेच्या रक्षणाचा इशारा दिला, यावरून आकड्यांचा भीतीवर किती परिणाम होतो हे तुम्हीच ठरवा. पाहणीवर आक्षेपही होते. दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला लोक खरे सांगतील का, हा त्यांतला रास्त आक्षेप. गंमत अशी की पुढे २००८ मध्ये याच तोप्राकबाईंनी एका वेगळ्या अभ्यासात अनातोलियातील, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातील, शहरांत वेगळे वागणाऱ्यांवर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा किती दबाव असतो हे मांडले, तेव्हा आधी त्यांची वाहवा करणारेच त्यांच्यावर नाराज झाले.

या संस्थेच्या स्वातंत्र्याविषयी दोन शंका घेतल्या जातात. पहिली पैशाची. तेसेव्हला देणगीदार सदस्य होते, युरोपीय संघाचे प्रकल्प होते, जर्मन राजकीय प्रतिष्ठानांचा हातभार होता आणि मुक्त समाज प्रतिष्ठानाचा, म्हणजे सोरोस यांच्या संस्थेचा, मोठा आधार होता. तुर्कस्तानात ‘सोरोसचा पैसा’ हे दोन शब्द उच्चारले की वाद संपतो, असे मानणारे डावीकडेही आहेत आणि उजवीकडेही. मला दुसरी शंका अधिक गंभीर वाटते. २००२ नंतर सत्तेवर आलेल्या न्याय व विकास पक्षाने लष्कराचा वरचष्मा कमी करण्याचे बोलून दाखवले, आणि २००५ मध्ये युरोपीय संघाशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. सरकारला बाहेर दाखवण्यासाठी सुधारणांचे आराखडे हवे होते आणि तेसेव्हकडे ते तयार होते. संस्थेचे दीर्घकाळचे अध्यक्ष जान पाकेर २०१३ मध्ये कुर्द प्रश्नावर सरकारने नेमलेल्या ‘सुज्ञ व्यक्तीं’च्या गटात होते, लोकशाहीकरण कार्यक्रमाचे प्रमुख राहिलेले एत्येन माहचुप्यान २०१४ मध्ये पंतप्रधानांचे सल्लागार झाले. यात भ्रष्ट असे काही नाही. पण ज्या सत्तेकडून सुधारणेची आशा असते, तिच्याविषयी लिहिताना हात थोडा सैल पडतो, आणि ते टाळणे देणगी परत करण्यापेक्षा अवघड असते. सरकारला जवळच्या संस्था हव्या असतात, हे २००६ मध्ये निघालेल्या ‘सेता’ या दुसऱ्या विचारसंस्थेवरून दिसते, तिचे पहिले संचालक इब्राहिम कालिन पुढे राष्ट्राध्यक्षांचे प्रवक्ते आणि २०२३ मध्ये गुप्तचर खात्याचे प्रमुख झाले.

१५ जुलै २०१६ चा लष्करी उठाव फसला आणि आठवडाभराने निघालेल्या एका फर्मानाने १,२२९ संघटना व प्रतिष्ठाने एका फटक्यात बंद केली. तेसेव्ह त्या यादीत नव्हती. पण २०१८ च्या नोव्हेंबरात मुक्त समाज प्रतिष्ठानाने तुर्कस्तानातील काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले; त्याच्याशी पूर्वी संबंधित असलेले उद्योजक ओस्मान कावाला त्याआधी वर्षभरापासून तुरुंगात होते. आधार गेला, सरकारला युरोपचे ऐकण्याची गरज उरली नाही, आणि तेसेव्हने आपला भर शहरे आणि स्थानिक कारभार यांच्याकडे नेला. काहींना ही माघार वाटते. मला तसे वाटत नाही.

त्याचे कारण सांगतो. तुर्कस्तानात नगरपालिकेला केंद्राच्या करांतून जो वाटा मिळतो, तो मुख्यतः नोंदलेल्या रहिवाशांच्या संख्येवर ठरतो. युद्धामुळे पळून आलेले आणि तात्पुरते संरक्षण मिळालेले सीरियन त्या संख्येत धरले जात नाहीत. २०२१ मध्ये त्यांची देशभरातली संख्या ३७ लाखांच्या घरात होती. सीमेवरच्या किलिससारख्या शहरात काही वर्षे स्थानिक माणसांइतकेच सीरियन राहत होते. नळाला पाणी दोघांनाही लागत होते, कचरा दोघांच्याही घरून निघत होता, पण पैसा येत होता एकाच्या हिशेबाने. महापौरांशी बोलायला गेलेल्या कोणत्याही अभ्यासकाला पहिल्या पाच मिनिटांत हीच तक्रार ऐकू येते, आणि पुढचा अहवाल तिथूनच सुरू होतो.