इन्सुलिन घेतले की राहिले?

टेबलावर सात खणांची गोळ्यांची डबी उघडी आहे. आज गुरुवार, पण मंगळवारच्या खणातल्या गोळ्या तशाच आहेत. हातात इन्सुलिनचे पेन धरून पंचाहत्तरीच्या आजी थबकल्या आहेत. जेवणाआधीचे इन्सुलिन घेतले की राहिले, हे त्यांना आठवत नाही. राहिले असेल तर साखर चढेल. आणि पुन्हा घेतले गेले, तर ती इतकी उतरू शकते की दरदरून घाम फुटून शुद्धही हरपावी.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि ती मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून मिळवतो. वर्षानुवर्षे साखर चढी राहिली की डोळ्यांतल्या आणि मूत्रपिंडातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात, हे बहुतेक मधुमेहींना ठाऊक असते. तशाच नाजूक रक्तवाहिन्या मेंदूतही आहेत, याची आठवण मात्र फार उशिरा होते. टाइप २ मधुमेह असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट आढळतो. त्याची सुरुवात नावे विसरण्यापासूनच होते असे नाही. विचारांचा वेग मंदावणे, साधा हिशेब अडणे, कामांचा क्रम चुकणे, ही लक्षणे आधी दिसू शकतात. आणि मधुमेह सांभाळायचा म्हणजे रोज नेमकी हीच कामे करायची.

मग साखर शक्य तितकी खाली आणावी, असे वाटणे साहजिक आहे. ‘अकॉर्ड-माइंड’ या अभ्यासात तसे करून पाहिले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, ४० महिने साखरेवर कडक नियंत्रण ठेवूनही त्या रुग्णांची आकलनक्षमता इतरांपेक्षा सरस ठरली नाही. दुसरीकडे, ज्या वृद्धांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग घडले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश अधिक आढळला. म्हणूनच विसरणे वाढू लागल्यावर डॉक्टर ‘एचबीए१सी’चे, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचे, उद्दिष्ट ७ टक्क्यांवरून ८ च्या आसपास आणतात, तेव्हा तो हलगर्जीपणा नसतो, हे घरच्यांनी समजून घेणे फार गरजेचे आहे.

आजींच्या डॉक्टरांनी आता दिवसातून एकदाच घ्यायचे इन्सुलिन लिहून दिले आहे. ते रोज सकाळी मुलीच्या समोर घेतले जाते, आणि घेतल्याक्षणी मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते.